डक्ट क्लीनिंगला खरे पैसे किती लागतात? अमेरिकेत नव्याने घर घेतलेल्यांसाठी

डॅलसच्या उत्तरेला फ्रिस्को, प्लेनो, मॅकिनी या बाजूला घर घेतलंत, की महिन्याभरात पहिली जाहिरात येते : ‘अख्ख्या घराचं एअर डक्ट क्लीनिंग, फक्त ८९ डॉलर’. डक्ट म्हणजे एसीची हवा खोल्याखोल्यांत नेणाऱ्या नळ्या. दारावर पत्रक, फोनवर मेसेज, गावाच्या फेसबुक ग्रुपवर कुणाच्या तरी ‘भावाच्या कंपनी’ची पोस्ट. मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही दर उन्हाळ्यात तोच प्रश्न असतो : कुणाकडून करून घेतलं, किती लागले? उत्तरं ९९ पासून १,८०० पर्यंत येतात आणि विचारणारा आणखी गोंधळतो.

मी हे काम दोनदा करून घेतलं आहे. पहिल्यांदा २०२२ मध्ये, फसवणूक होऊन. दुसऱ्यांदा २०२३ मध्ये, नीट चौकशी करून. दोन्ही वेळचे आकडे खाली दिले आहेत. आमचं घर टेक्सासमधलं, म्हणजे एसीची यंत्रं आणि डक्ट वर ॲटिकमध्ये, छपराखालच्या पोकळीत. न्यू जर्सी किंवा शिकागोकडे ती बेसमेंटमध्ये आणि पत्र्याची असतात. तिथल्या मंडळींना तपशील थोडे बदलून घ्यावे लागतील, हिशेबाची रीत तीच.

१. आधी ठरवा : गरज आहे का?

बहुतेक घरांना नसते. हे मी माझ्या पदरचं सांगत नाही. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने, म्हणजे ईपीएने, घरमालकांसाठी एक पुस्तिका काढली आहे. डक्ट साफ केल्याने आजार टळतात असं सिद्ध झालेलं नाही, आणि दर काही वर्षांनी उगाच साफ करून घेऊ नका, गरज असेल तेव्हाच करा, असं तिच्यात स्पष्ट लिहिलं आहे. ही सफाई करणाऱ्यांची राष्ट्रीय संघटना नॅडका मात्र दर ३ ते ५ वर्षांनी करा म्हणते. संघटना व्यवसाय करणाऱ्यांची आहे, एवढं लक्षात ठेवून तो सल्ला ऐकावा.

ईपीएच्या मते गरज तीन प्रसंगी असते. डक्टच्या आत किंवा यंत्राच्या भागांवर डोळ्यांना दिसेल इतकी बुरशी असेल तर. उंदीर, घुशी किंवा किडे आत शिरले असतील तर. आणि धूळ-कचरा इतका साचला असेल, की हवा सुरू झाली की व्हेंटमधून, म्हणजे खोलीत हवा सोडणाऱ्या तोंडातून, कण बाहेर उडताना दिसतात.

व्हेंटच्या जाळीवर करड्या धुळीचा थर दिसला म्हणजे डक्ट भरले असं होत नाही. खोलीतलीच धूळ तिथे चिकटते. जाळी उतरवून साबणाच्या पाण्याने धुवा, परत लावा, काम झालं.

आपल्या घरांत आणखी एक गोष्ट पाहायला मिळते. देवघर रिटर्नच्या, म्हणजे हवा आत ओढणाऱ्या, जाळीखाली असेल, तर समई, उदबत्ती आणि धुपाची काजळी वर ओढली जाते आणि जाळीभोवती छतावर काळसर कडा उमटतात. पाहणारा त्याला झटकन ‘बुरशी’ म्हणून मोकळा होतो. ओल्या कापडाने पुसून पाहा. बोटांना काळं, कोरडं काजळ लागलं तर उपाय सोपा आहे : देवघर हलवा.

नवं बांधलेलं घर घेतलं असेल तर प्रकरण वेगळं. शीटरॉक, म्हणजे भिंतींचे जिप्समचे फलक, घासताना एसी चालू ठेवला, तर ती पांढरी भुकटी डक्टमध्ये जाऊन बसते, शिवाय लाकडाचा भुसा आणि खिळेही सापडतात. क्लोजिंगच्या, म्हणजे खरेदी पूर्ण होण्याच्या, आधीच्या फेरीत दोन-तीन व्हेंट उघडून मोबाइलचा दिवा आत धरा. कचरा दिसला तर बिल्डरच्या यादीत लिहून घ्या. तेव्हा ते बिल्डरच्या खर्चाने होतं, किल्ली हातात आल्यावर तुमच्या.

२. घर मोजा

फोन करण्याआधी हे केलंत, तर निम्मी फसवणूक तिथेच टळते. वही घ्या आणि खोलीखोलीतून फिरा.

ज्यातून थंड हवा येते ते सप्लाय व्हेंट. सगळे मोजा. बाथरूम, वॉक-इन क्लॉझेट आणि लाँड्रीमधले हमखास विसरतात. ज्यातून हवा आत ओढली जाते ती मोठी जाळी म्हणजे रिटर्न. त्याही मोजा. मग सिस्टिम, म्हणजे स्वतंत्र एसी, किती ते पाहा. दोन मजली घराला बऱ्याचदा दोन असतात, बाहेर दोन कंडेन्सर (एसीचे बाहेरचे डबे) आणि भिंतीवर दोन थर्मोस्टॅट. दर प्रत्येक सिस्टिममागे सांगितला जातो, म्हणून हा आकडा सगळ्यांत महत्त्वाचा.

आमच्याकडे : १९ सप्लाय, ३ रिटर्न, २ सिस्टिम.

शेवटी डक्ट कशाचे आहेत ते पाहा. ॲटिकमध्ये सकाळी लवकर चढा, टेक्सासच्या उन्हाळ्यात दुपारी तिथे थांबवत नाही. पाय लाकडी फळीवरच ठेवा, इन्सुलेशनवर पडला तर छतातून खाली याल. बाहेरून चंदेरी, हाताला मऊ, वाकणारी जाड नळी दिसली तर तो फ्लेक्स डक्ट. त्याच्या आत तारेच्या कड्यांवर ताणलेलं पातळ प्लास्टिक असतं आणि कडक ब्रश जोरात फिरवला तर ते फाटतं. यंत्राला जोडलेला चौकोनी मोठा डबा म्हणजे प्लेनम. तो आमच्याकडे फायबरग्लासच्या पुठ्ठ्याचा आहे, आतून पिवळसर. पत्र्याचे डक्ट साफ करायला सर्वांत सोपे. फायबरग्लास ओलं होऊन त्यात बुरशी धरली असेल तर ते साफ होत नाही, तो भाग बदलावाच लागतो. फ्लेक्सची नळी फारच खराब असेल तेव्हाही साफसफाईवर पैसे घालण्यापेक्षा ती बदलण्याचा भाव विचारा.

३. हाताशी काय ठेवायचं

– व्हेंट, रिटर्न, सिस्टिम यांचे आकडे आणि प्रत्येक जाळीचा फोटो
– दोन्ही यंत्रांवरच्या मॉडेल नंबरच्या पट्टीचा फोटो, बसवल्याचं साल
– फिल्टरचं माप (कडेवर छापलेलं असतं, उदाहरणार्थ १६ x २५ x १)
– घर कधी बांधलं. १९८० च्या आधीचं असेल तर डक्टभोवतीच्या जुन्या गुंडाळीत ॲस्बेस्टॉस असू शकतो. तो तपासल्याशिवाय कुणालाही हात लावू देऊ नका
– बिल्डरची किंवा होम वॉरंटीची कागदपत्रं, एचओएचे, म्हणजे वसाहतीच्या घरमालक संघटनेचे, गाडी उभी करण्याबद्दल काही नियम असतील तर ते
– टॉर्च, स्क्रूड्रायव्हर, मोबाइल

४. दर कसे सांगतात

ईपीएच्या पुस्तिकेत एका सिस्टिमचा खर्च साधारण ४५० ते १,००० डॉलर दिला आहे. तुमच्या डोक्यात हाच आकडा असू द्या. यंत्रापर्यंत पोचायला किती अडचण आहे, घाण किती आहे, शहर कोणतं, यावर तो खाली-वर होतो.

दर सांगायच्या पद्धती दोन. एक, एका सिस्टिमला ठोक रक्कम. दुसरी, प्रत्येक व्हेंटमागे इतके. दुसरी ऐकायला स्वस्त वाटते, पण तिच्यात ब्लोअर, कॉइल आणि प्लेनम धरलेले आहेत का ते विचारावंच लागतं. ब्लोअर म्हणजे हवा ढकलणारा पंखा, कॉइल म्हणजे हवा थंड करणारा भाग. डक्ट स्वच्छ आणि ब्लोअर धुळीने माखलेला, अशी सफाई केली तर पहिल्याच दिवशी ती धूळ परत घरभर होते.

२०२३ मध्ये मला आलेले तीन भाव असे :

पहिला, ठोक. दोन सिस्टिम, ब्लोअर आणि प्लेनमसह ९४०. ड्रायर व्हेंट वेगळा १४०.

दुसरा, व्हेंटवर. १९ सप्लाय ३५ प्रमाणे ६६५, तीन रिटर्न ६० प्रमाणे १८०, म्हणजे ८४५. इथपर्यंत हाच स्वस्त. ब्लोअरचं विचारल्यावर प्रत्येकी ९५ वाढले, एकूण १,०३५. ड्रायर व्हेंट ते करतच नव्हते.

तिसरा, सगळं धरून १,२५०, ड्रायर व्हेंटसकट.

मी पहिला घेतला, ड्रायर व्हेंटसह १,०८०. तुमच्या शहरात आकडे वेगळे असतील. तिन्ही भावांत तीच कामं धरली आहेत का, हे एका कागदावर शेजारी शेजारी मांडल्याशिवाय तुलना होत नाही, एवढं मात्र सगळीकडे खरं.

ड्रायर व्हेंटबद्दल थोडं जास्त सांगते, कारण माझ्या मते डक्टपेक्षा तो महत्त्वाचा आहे. कपडे वाळवायच्या यंत्रातून गरम हवा बाहेर नेणाऱ्या नळीत कापसासारखा लिंट साचतो आणि तो पेटतो. अमेरिकेच्या फायर ॲडमिनिस्ट्रेशनने २००८ ते २०१० या वर्षांचा अभ्यास केला, तेव्हा घरांतल्या ड्रायरच्या आगी वर्षाला सुमारे २,९०० निघाल्या. त्यांचं पहिलं कारण सफाई न करणं. कपडे एका फेरीत वाळेनासे झाले, किंवा लाँड्रीत दमट उकाडा जाणवायला लागला, की ही नळी साफ करून घ्या. पैसे मोजकेच असतील तर आधी इथे घाला.

५. माणूस पारखा

ईपीए कुठल्याही डक्ट कंपनीला प्रमाणपत्र देत नाही, मान्यताही देत नाही. कुणी ‘ईपीए सर्टिफाइड’ म्हणालं, तर पुढे बोलू नका. नॅडकाचं सदस्यत्व मात्र तपासता येतं. त्यांच्या संकेतस्थळावर झिपकोड टाकला की जवळच्या सदस्य कंपन्या दिसतात. सदस्य कंपनीत एएससीएस ही परीक्षा पास झालेला निदान एक माणूस असावा लागतो. तो माझ्या घरी येणार का, की ऑफिसातच बसणार, हे विचारा.

फोनवर मी हे प्रश्न विचारते :

तुम्ही सिस्टिम निगेटिव्ह प्रेशरखाली घेता का? म्हणजे मोठा व्हॅक्यूम जोडून आतली हवा सतत ओढत ठेवायची आणि मग ब्रश किंवा हवेच्या झोताने धूळ सुटी करायची. हे नसेल तर सुटलेली धूळ तुमच्या सोफ्यावर येते. व्हॅक्यूमची हवा बाहेर सोडता की घरात? घरात सोडत असाल तर हेपा, म्हणजे अतिसूक्ष्म धूळ अडवणारा, फिल्टर आहे का? आमचे डक्ट फ्लेक्स आहेत, त्यांना कुठला ब्रश वापरता? वेळ किती लागेल? लायबिलिटी इन्शुरन्सचा कागद ईमेलने पाठवाल का?

ज्याला काम येतं तो ही उत्तरं सहज देतो. फक्त ‘किती व्हेंट आहेत मॅडम, आज दुपारचा स्लॉट आहे’ एवढंच म्हणणाऱ्याला नको म्हणा. टेक्सासमध्ये कॉइल किंवा यंत्राच्या दुरुस्तीला हात लावणाऱ्याकडे राज्याचं एसी कंत्राटदाराचं लायसन्स असायला हवं. नंबर राज्याच्या संकेतस्थळावर लगेच पडताळता येतो.

६. ८९ डॉलरचं बिल कसं फुगतं

२०२२ च्या मे महिन्यात आई सांगलीहून यायची होती. तिला दमा आहे, म्हणून हवा स्वच्छ करून घ्यावी या ओढीने मी फेसबुकवरची ८९ ची जाहिरात धरली. दोन तरुण आले, हातात दुकानात मिळणारा साधा व्हॅक्यूम. सही करण्याआधी कागद पुढे केला.

८९ मध्ये ८ व्हेंट आणि एक रिटर्न. उरलेले ११ व्हेंट २० प्रमाणे २२०. दोन रिटर्न ४० प्रमाणे ८०. दोन ‘मेन लाइन’ १५० प्रमाणे ३००. झाले ६८९. आई दोन दिवसांत येणार होती, मी हो म्हणाले.

पाऊण तासाने एक जण ॲटिकमधून खाली उतरला आणि मोबाइल माझ्यासमोर धरला. चकचकीत पत्र्यावर काळे ठिपके. ‘तुमच्या प्लेनममध्ये ब्लॅक मोल्ड आहे, घरात दम्याचं माणूस आहे ना? फवारणीचे ६००.’ आईचं मीच बोलता बोलता सांगितलं होतं. पोटात गोळा आला. पण आदल्याच महिन्यात सर्व्हिसिंगच्या वेळी मी आमचा प्लेनम उघडा पाहिला होता, आतून पिवळसर, तंतूतंतूंचा. फोटोतला पत्रा आमच्या घरात कुठेच नव्हता. मी म्हटलं, वर चला, मला जागा दाखवा. त्याने लगेच विषय बदलला.

फवारणी वाचली, ६८९ गेले. दीड तासात ते निघूनही गेले. पुढे ऑक्टोबरमध्ये एसीवाल्याने पॅनल उघडलं, तेव्हा ब्लोअरच्या पात्यांवर बोटभर धूळ जशीच्या तशी होती. पैसे मी बँकेच्या खात्यातून फोनवरून थेट पाठवले होते, त्यामुळे परत मागायचा मार्गच उरला नाही.

७. बुरशीचं नाव निघालं तर

हात थांबवा. त्याच दिवशी, त्याच माणसाकडून काहीही करून घेऊ नका. दिसणारा डाग बुरशी आहे की नुसती घाण, हे डोळ्यांनी सांगता येत नाही. साध्या पारदर्शक चिकटपट्टीवर नमुना घेऊन प्रयोगशाळेत पाठवला, तर साधारण ५० डॉलरमध्ये उत्तर मिळतं, असं ईपीएची पुस्तिकाच सांगते. ६०० च्या फवारणीपुढे हे ५० काहीच नाहीत.

टेक्सासमध्ये कायदा आपल्या बाजूने आहे. सलग २५ चौरस फूट किंवा त्याहून जास्त बुरशी काढायला राज्याचं लायसन्स लागतं, आणि तपासणारी व काढणारी कंपनी एकाच कामावर एकच असू शकत नाही.

जंतुनाशक फवारणी, आतून सीलंटचा थर, सुगंधी ‘सॅनिटायझर’ हे सगळं जोडधंद्यासारखं गळ्यात मारलं जातं. फायबरग्लासच्या डक्टवर वापरायला ईपीएने कुठलंही जंतुनाशक मंजूर केलेलं नाही. आमच्यासारख्या प्लेनममध्ये कुणी फवारतो म्हणाला, तर त्याला बाटलीवरचं लेबल वाचून दाखवायला सांगा. आणि बुरशी खरीच असेल, तर ओल कुठून येते ते शोधल्याशिवाय ती परत येणारच. बऱ्याचदा कॉइलखालचं पाणी निघून जाणारी नळी तुंबलेली असते.

८. कामाच्या दिवशी

घरी थांबा. हे काम ऑफिसच्या मीटिंगा सांभाळत होत नाही, सुट्टी काढा. आमच्याकडे दुसऱ्या वेळी दोन माणसांना पाच तास लागले. दोन सिस्टिमचं काम कुणी तासाभरात संपवत असेल, तर ते नीट होत नाही.

काम सुरू व्हायच्या आधी फोटो मागा, आणि फोटोत तुमच्या घराची खूण दिसेल असं पाहा. मी प्रत्येक व्हेंटजवळ निळ्या टेपवर नंबर लिहून चिकटवला होता आणि त्या टेपसकट फोटो काढायला सांगितले. त्यांनी हसून काढले. दुसऱ्या वेळी कारणही खरं होतं : वरच्या बाथरूमची तोडफोड एसी चालू असतानाच झाली होती आणि टेबलावर रोज पांढरी पूड पडायची. सहा नंबरच्या व्हेंटमधून मूठभर शीटरॉकचा चुरा आणि एक फरशीचा तुकडा निघाला.

गालिचा आणि फर्निचर झाकलं का, प्लेनमला पाडलेलं भोक नीट बंद करून सील केलं का, ब्लोअरचं पॅनल उघडून दाखवलं का, एवढं स्वतः पाहा. घरात तान्हं बाळ किंवा दम्याचं माणूस असेल तर त्यांना तेवढा दिवस मित्रांकडे पाठवा.

९. पैसे आणि नंतरचं

पैसे काम पाहून झाल्यावर, क्रेडिट कार्डानेच द्या. बिलावर प्रत्येक काम वेगळं लिहून घ्या. तक्रार करायची वेळ आली तर ज्या स्टेटमेंटवर ती रक्कम दिसली, ते पाठवल्यापासून ६० दिवसांच्या आत कार्ड कंपनीला लेखी कळवा. आधीचे-नंतरचे फोटो आणि बिल हेच तिथे कामाला येतात.

वर्षभराचा खर्च खरा वाचतो तो दोन गोष्टींनी. एक, गळके सांधे. एनर्जी स्टारच्या माहितीनुसार साधारण घरात डक्टमधली २० ते ३० टक्के हवा गळतीतून वाया जाते. ॲटिकमधल्या सांध्यांवर मॅस्टिक, म्हणजे फटी बुजवणारा लेप, लावून घ्या. डक्ट टेप या नावाने मिळणारी कापडी टेप उन्हाळ्यात सुटते.

दुसरी, फिल्टर. एक इंची फिल्टर आमच्याकडे दर दोन महिन्यांनी बदलते. रोजची फोडणी, आठवड्याची तळणी, यामुळे धूळ तेलकट होते आणि फिल्टर लवकर चोंदतो. चुलीवरचा पंखा हवा खरंच बाहेर टाकतो की गाळून परत स्वयंपाकघरात सोडतो, हे एकदा वरचं कपाट उघडून पाहा, नळी गेलेली दिसते. फिल्टर किती बारीक गाळतो ते मर्व्हच्या आकड्यावरून कळतं. मर्व्ह १३ चा फिल्टर सूक्ष्म धूळ चांगली अडवतो, पण जुन्या यंत्राला त्याचा दाब झेपेल का ते एसीवाल्याला विचारूनच घाला, नाहीतर ८ ते ११ मधला घ्या. बसवताना कडेवरचा बाण यंत्राच्या दिशेला हवा, आणि तारीख तिथेच पेनाने लिहून टाका.